जपानी सेइयूंचा लाइव्ह बघायला जाताना : सोडतीच्या अर्जापासून परतीच्या गाडीपर्यंत

अ‍ॅनिमे आणि गेममधल्या पात्रांना आवाज देणारे कलाकार म्हणजे सेइयू. ज्या पात्रांना ते आवाज देतात त्यांच्याच वेशात आणि त्यांच्याच आवाजात ते हजारो लोकांसमोर तीन-साडेतीन तास गातात, नाचतात. मागच्या मोठ्या पडद्यावर अ‍ॅनिमेतला नाच सुरू असतो आणि रंगमंचावरच्या मुली तोच नाच त्याच क्षणी, त्याच पावलांनी करत असतात. पडद्यावरचं पात्र आणि समोरचा माणूस हळूहळू एक दिसायला लागतात. यासाठी लोक देश ओलांडून येतात आणि माझ्या मते ते येणं सार्थ आहे.

मात्र हा कार्यक्रम तिकीट काढून ऐनवेळी जाऊन बसण्याचा नाही. तिकीट सोडतीने मिळतं, सोडतीचे अर्ज काही महिने आधी भरावे लागतात आणि सभागृहात प्रेक्षकालाही काम असतं. कुठे ओरडायचं, कुठे गप्प राहायचं, कोणत्या गाण्याला हातातल्या दिव्याचा रंग कोणता, हे येणाऱ्या बहुतेकांना पाठ असतं. ही तयारी कशी करायची ते इथे क्रमाने सांगतो. भारतातून जाणारे आणि नोकरी-शिक्षणासाठी जपानमध्ये राहणारे, असे दोन्ही वाचक डोळ्यांसमोर आहेत.

आधी गट ठरवा

सेइयू मोठ्या मंचावर गातात हे आज नवं नाही. सेइयू नाना मिझुकी २००९ मध्ये एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीवरच्या वर्षअखेरच्या 'कोहाकु' या संगीत कार्यक्रमात गायल्या आणि डिसेंबर २०११ मध्ये त्यांनी टोक्यो डोम या प्रचंड स्टेडियममध्ये कार्यक्रम केला. गटांच्या बाबतीत खरं वळण आणलं 'लव्ह लाइव्ह' या अ‍ॅनिमे आणि गाण्यांच्या प्रकल्पाने. २०१० मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पातल्या 'म्यूज' या नऊ जणींच्या गटाचा पहिला लाइव्ह फेब्रुवारी २०१२ मध्ये योकोहामाच्या एका छोट्या सभागृहात झाला. २०१५ मध्ये त्या कोहाकुत गायल्या आणि ३१ मार्च व १ एप्रिल २०१६ ला त्यांचा फायनल लाइव्ह टोक्यो डोममध्ये झाला. चार वर्षांत एवढा प्रवास! त्यांच्यानंतर आलेल्या 'अ‍ॅक्वा'ने नोव्हेंबर २०१८ मध्ये तोच डोम गाठला आणि जून २०२५ मध्ये बेलुना डोममध्ये आपला शेवटचा लाइव्ह केला. लिएला आणि हासुनोसोरा हे याच घराण्यातले पुढचे गट.

बाकीच्या गटांचा स्वभाव वेगळा. 'बँग ड्रीम'मधल्या पॉपिन पार्टी आणि रोझेलिया या बँडमध्ये सेइयू वाद्यंही स्वतःच वाजवतात, त्यामुळे तो कार्यक्रम रॉक कॉन्सर्टच्या अंगाने जातो. 'आयडॉलमास्टर' हा २००५ च्या आर्केड गेममधून आलेला, खूप मोठ्या कुटुंबाचा प्रकल्प. तिथे प्रेक्षकाला 'प्रोड्यूसर' म्हणतात आणि चाहते स्वतः छापलेली व्हिजिटिंग कार्डं एकमेकांना देतात. पुरुष सेइयूंचं रॅप ऐकायचं असेल तर 'हिप्नोसिस माइक' आहे.

एक गट निवडा आणि त्याची मालिका आधी बघा. पात्रं माहीत नसताना गेलात तर चांगली गाणी ऐकून याल, पण मंचावरची एखादी मुलगी बोलता बोलता का रडली आणि तिच्याबरोबर अख्खं सभागृह का रडलं, ते कळणार नाही. अनेक गटांचे थोडे थोडे तुकडे एकाच वेळी बघायचे असतील तर उन्हाळ्यातला 'अ‍ॅनिमेलो समर लाइव्ह' आहे, २००५ पासून चालू असलेला. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी मात्र एकाच गटाचा लाइव्ह सुचवीन.

तिकीट

म्हाडाच्या घरांसाठी जशी सोडत निघते तशीच इथेही निघते : आधी अर्ज, मग ठरल्या दिवशी निकाल. फरक असा की इथे एकाच कार्यक्रमासाठी सोडतीच्या अनेक फेऱ्या होतात आणि पहिल्या फेरीत नाव लागण्याची शक्यता सहसा सर्वाधिक असते.

पहिल्या फेरीला 'साइसोकु सेंको चूसेन' म्हणतात, म्हणजे सर्वांत आधीची सोडत. तिच्यात भाग घेण्यासाठी बहुधा सीडी किंवा ब्लू-रे विकत घ्यावी लागते. आत एक चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर अनुक्रमांक. एका क्रमांकावर एक अर्ज. लोक शक्यता वाढवायला एकाच सीडीच्या चार-पाच प्रती घेतात. पहिल्याच वेळी तुम्ही तसं करावं असं मला वाटत नाही. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की चिठ्ठी बहुधा फक्त पहिल्या छपाईच्या प्रतींमध्ये असते आणि अर्जाची मुदत मोजक्या दिवसांची. भारतात मागवलेली सीडी कुरिअर आणि कस्टममधून तुमच्या हाती पडेपर्यंत मुदत संपलेली असू शकते. जपानमध्ये ओळखीचं कुणी असेल तर सीडी त्यांच्या पत्त्यावर मागवा आणि क्रमांकाचा फोटो मागून घ्या. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची आणि शिकून तिकडे गेलेल्यांची संख्या मोठी आहे, त्यामुळे एखादा वर्गमित्र टोक्योत किंवा ओसाकात निघतोच.

त्यानंतर फॅन क्लबच्या सदस्यांची सोडत, मग अधिकृत संकेतस्थळावरची, मग ई-प्लस, लॉसन तिकेट, तिकेट पिया अशा विक्रेत्यांची. शेवटी उरलेल्या जागांसाठी 'इप्पान हात्सुबाइ', म्हणजे जो आधी येईल त्याला. लोकप्रिय गटाच्या बाबतीत ही शेवटची विक्री डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपते, तिच्या भरवशावर विमानाचं तिकीट काढू नका. काही कार्यक्रमांना परदेशी प्रेक्षकांसाठी स्वतंत्र विक्री असते. तिची घोषणा अधिकृत संकेतस्थळाच्या इंग्रजी पानावर येते आणि भारतातून जाणाऱ्याला तोच सर्वांत सरळ रस्ता.

अर्ज भरताना तीन अडथळे येतात.

पहिला फोन नंबरचा. जपानी विक्रेत्यांच्या नेहमीच्या विक्रीत खातं उघडताना बहुधा जपानी मोबाइलवर पडताळणी होते. पर्यटक घेतात त्या ई-सिममध्ये फक्त डेटा असतो, नंबर नसतो, त्यामुळे तिथे गाडं अडतं. यावर सरळ उपाय म्हणजे जपानमध्ये राहणाऱ्या मित्राने अर्ज करायचा आणि तुम्हाला 'दोकोशा', म्हणजे सोबती म्हणून नोंदवायचं. मग आत जाताना दोघांनी एकत्रच जायचं.

दुसरा नावाचा. प्रवेशद्वारावर ओळखपत्र तपासलं जाऊ शकतं आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टशी जुळावं लागतं. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही एकाच रकान्यात असतं. अर्जात आडनाव आणि स्वतःचं नाव पासपोर्टवरच्याच स्पेलिंगने लिहा. काताकानात, म्हणजे परदेशी शब्दांसाठी वापरल्या जाणाऱ्या जपानी लिपीत, उच्चार लिहायचा रकाना असतो, तिथे एकदा जे लिहाल तेच सगळीकडे ठेवा. घरचं लाडकं नाव किंवा टोपणनाव अजिबात नको.

तिसरा पैशांचा. परदेशी कार्ड काही ठिकाणी नाकारलं जातं. पर्याय असतो कोंबिनीत, म्हणजे सेव्हन-इलेव्हन, फॅमिलीमार्ट, लॉसन यांसारख्या दुकानात रोख भरण्याचा, पण त्यासाठी तिथे माणूस हवा. 'तोसेन' म्हणजे सोडतीत नाव लागलं, 'राकुसेन' म्हणजे नाही लागलं. नाव लागल्यावर पैसे भरायला थोडेच दिवस मिळतात आणि मुदत चुकली की तिकीट गेलं. कार्डाचा पर्याय निवडला असेल तर नाव लागताच पैसे आपोआप कापले जातात आणि नंतर रद्द करता येत नाही. मोठ्या लाइव्हचं तिकीट साधारण दहा ते पंधरा हजार येनच्या घरात असतं, वर विक्रेत्याचे छोटे छोटे आकार.

जपानी मुदती बऱ्याचदा रात्री २३:५९ ला संपतात. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे २०:२९ झालेले असतात. जेवण उरकून अर्ज भरू म्हणालात तर खिडकी बंद.

नाव लागलं नाही तर पुढच्या फेरीत पुन्हा अर्ज करा आणि कार्यक्रम जवळ आला की अधिकृत पुनर्विक्रीकडे लक्ष ठेवा. ज्यांना जाता येत नाही त्यांची तिकिटं तिथे मूळ किमतीला मिळतात. समाजमाध्यमांवर दुप्पट-तिप्पट भावाने विकणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. १४ जून २०१९ पासून जपानमध्ये यासाठी स्वतंत्र कायदा आहे. नफेखोर पुनर्विक्रीला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा लाख येनपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. असलं तिकीट दारात रद्द ठरलं तर नुकसान तुमचं आणि पैसे गेले ते ज्यांच्यामुळे खऱ्या चाहत्यांना जागा मिळत नाही त्यांच्या खिशात.

घरून बघणं

तिकीट मिळालं नाही किंवा जपानला जाणं शक्य नसेल तर ऑनलाइन प्रक्षेपण आहे. मी तर म्हणेन, प्रत्यक्ष जाण्याआधी एकदा तरी असं घरून बघाच. हजारो दिवे एका क्षणात रंग कसे बदलतात ते कॅमेऱ्यातून स्पष्ट दिसतं आणि कार्यक्रमाची चाल कळते.

विकत घेण्यापूर्वी पानावर 'निहोन कोकुनाइ गेंतेइ' असं लिहिलंय का ते बघा. असेल तर ते प्रक्षेपण फक्त जपानमध्ये दिसतं. आपली वेळ जपानच्या साडेतीन तास मागे, म्हणजे तिकडे संध्याकाळी पाचला सुरू होणारा लाइव्ह इथे दुपारी दीडला. प्रक्षेपण नंतर काही दिवस पुन्हा बघता येतं, पण पुढच्या कार्यक्रमांसारखी मोठी घोषणा मैफलीच्या अखेरीस होते आणि ती समाजमाध्यमांवर लगेच फुटते, म्हणून जमेल तर थेटच बघा. जपानमध्ये राहत असाल तर सिनेमागृहातलं 'लाइव्ह व्ह्यूइंग' उत्तम. तिथेही दिवे हलवतात आणि हाका देतात.

गाणी, रंग आणि हाका

आता या विषयातला सगळ्यात रसाळ भाग. इथे घाई करू नका.

गाणी किमान महिनाभर आधी ऐकायला लागा. नुकत्याच आलेल्या सीडीतली गाणी होणार हे धरून चाला, कारण बहुतेक दौरे त्यांच्याच निमित्ताने असतात. मग त्याच गटाच्या जुन्या लाइव्हची ब्लू-रे किंवा अधिकृत चित्रफीत बघा आणि या वेळी मंचाकडे न बघता प्रेक्षकांचा आवाज ऐका. 'हाय! हाय!' कुठे येतं, 'फू फू' कुठे, एखादी ओळ गायिका अर्धी सोडते आणि उरलेली सभागृह कुठे पुरी करतं, हे दोन-तीनदा ऐकलं की अंगवळणी पडतं.

काही प्रथा प्रत्येक गटाच्या स्वतःच्या. म्यूजच्या नऊ जणी मंचावर एकापासून नऊपर्यंत आकडे मोजत आणि दहावा आकडा प्रेक्षक म्हणत. दहावा सदस्य म्हणजे चाहते. ही प्रथा अ‍ॅक्वातही राहिली. प्रत्येक सेइयूची स्वतःची ओळख करून देण्याची पद्धतही ठरलेली असते, त्यात तिच्या प्रश्नाला तुम्ही उत्तर द्यायचं असतं. ही उत्तरं जपानीत पाठ करून जा. इतक्या लोकांच्या आवाजात तुमचा उच्चार कुणी तपासत नाही.

दिवा म्हणजे पेनलाइट. बटन दाबून रंग बदलणारा, बॅटरीवर चालणारा. गटाचा अधिकृत पेनलाइट घेतलात तर त्यात सदस्यांचे रंग नेमके भरलेले असतात. 'किंग ब्लेड'सारखे दुकानात मिळणारेही चालतात, फक्त लांबी आणि प्रखरतेचे नियम कार्यक्रमाच्या पानावर वाचा. जादा सेल बरोबर ठेवा. तीन तासांत उजेड मंद होतो.

प्रत्येक पात्राला रंग असतो. म्यूजमध्ये होनोकाचा नारिंगी, उमीचा निळा, रिनचा पिवळा, निकोचा गुलाबी. एकटी गात असेल तर तिचा रंग, सगळ्या गात असतील तर आपल्या आवडतीचा किंवा गाण्याचा. 'स्नो हॅलेशन' या गाण्यात प्रेक्षक पांढरे दिवे हलवत राहतात आणि शेवटच्या ध्रुवपदाआधी होनोकाची एकटीची ओळ आली की पूर्ण सभागृह एका झटक्यात नारिंगी होतं. गाण्याच्या चित्रफितीत त्या जागी दिवे नारिंगी होतात, ते बघून चाहत्यांनीच ही प्रथा पाडली. कुणी सूचना देत नाही, पडद्यावर इशारा नाही. या एका क्षणासाठी मी कुणालाही हे गाणं आधी ऐकून जायला सांगेन. रंग आठवला नाही तर शेजाऱ्याचा दिवा बघा आणि संथ गाण्यात हात आवरा.

'अल्ट्रा ऑरेंज' नावाची रासायनिक कांडी मोडली की काही मिनिटं प्रखर नारिंगी पेटते. ती ऐन भरातल्या गाण्याला मोडतात. काही कार्यक्रमांत तिला मनाई असते, म्हणून आधी खात्री करा.

काय करायचं नाही ते बहुधा सगळीकडे सारखं आहे. आपली जागा सोडायची नाही, उड्या मारायच्या नाहीत, बोटांच्या फटीत चार-चार दिवे धरायचे नाहीत, मागच्याला अडचण होईल इतका हात उंच न्यायचा नाही. आयडॉल मैफलींतला 'मिक्स' नावाचा लांबलचक आरोळ्यांचा प्रकार सेइयू लाइव्हमध्ये अनेक ठिकाणी थेट निषिद्ध असतो. फोटो आणि ध्वनिमुद्रण पूर्ण बंद. परवानगी दिली तर ती मंचावरूनच जाहीर होते. करोनाच्या काळात हाकांनाही बंदी होती आणि लोक नुसत्या टाळ्या वाजवत बसत. २०२३ च्या सुरुवातीला सरकारी निर्बंध उठल्यावर हाका परतल्या. ज्यांनी ती मुकी वर्षं अनुभवली ते आज या हाकांना फार जपतात, आपणही जपाव्यात.

व्हिसा आणि मुक्काम

भारतीय पर्यटकांसाठी १ एप्रिल २०२४ पासून जपानचा ई-व्हिसा सुरू झाला. अर्ज व्हीएफएसच्या केंद्रातून जातो. पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकर लागत नाही. विमानतळावर फोनवर इंटरनेट सुरू ठेवून व्हिसाची सूचना प्रत्यक्ष उघडून दाखवावी लागते, स्क्रीनशॉट किंवा छापील प्रत चालत नाही. तेव्हा उतरताक्षणी चालेल असं ई-सिम आधीच घ्या. कार्यक्रमाचं तिकीट हाती आल्यावर व्हिसाची तयारी सुरू करा, आणि हॉटेल त्याच्याही आधी, सोडतीचा निकाल लागण्यापूर्वीच, फुकट रद्द होईल असं धरून ठेवा. निकालाच्या रात्री सभागृहाजवळची हॉटेलं भरून जातात.

सभागृहं ओळखून ठेवली तर बरं. निप्पोन बुदोकान कुदानशिता स्थानकाजवळ, टोक्यो डोम सुइदोबाशीला, साइतामा सुपर अरेना साइतामा-शिनतोशिन स्थानकाला लागून, योकोहामा अरेना शिन-योकोहामाला. साइतामाच्या कार्यक्रमासाठी ओमिया किंवा उएनोला राहिलात तर गाडी सरळ मिळते. बेलुना डोमची गोष्ट वेगळी. तो तोकोरोझावात, सेइबू क्यूजो-माए स्थानकासमोर आहे. त्याला छप्पर आहे पण बाजूच्या भिंती नाहीत. उन्हाळ्यात आत उकाडा आणि थंडीत बोचरा वारा, त्यामुळे कपडे उघड्या मैदानावर जातोय असं समजून घ्या. वरच्या मजल्यावरची जागा आली तर आठ किंवा दहा पटीची दुर्बीण न्या. चेहऱ्यावरचे भाव दिसण्यात फार फरक पडतो.

कार्यक्रमाचा दिवस

टी-शर्ट, टॉवेल, पेनलाइट यांची विक्री सकाळपासून असते आणि हवी ती वस्तू दुपारी संपलेली असते. आधीच ऑनलाइन नोंदणी असेल तर तिथूनच घ्या. फुलांचे उंच स्टँड ठेवलेले असतील तर ते मात्र निवांत बघा. चाहते वर्गणी काढून ते पाठवतात आणि त्यावर पात्राचं चित्र, रंग, आवडीच्या वस्तू सगळं मांडलेलं असतं.

बॅग हॉटेलवर ठेवा, स्थानकांवरचे लॉकर सकाळीच भरतात. दुपारी पोटभर खाऊन घ्या. शाकाहारी असाल तर कोंबिनीतली उमेबोशीची ओनिगिरी, म्हणजे आत खारवलेलं आंबट फळ घातलेला भाताचा गोळा, बऱ्यापैकी सोयीची, पण घटक वाचा, कारण माशाचा अर्क अनपेक्षित ठिकाणी असतो. पाण्याची प्लास्टिकची बाटली बहुधा चालते, कॅन आणि काच नाही. स्वच्छतागृहात दारं उघडल्या उघडल्या जाऊन या.

डिजिटल तिकीट असेल तर फोन पूर्ण चार्ज केलेला हवा, बरोबर पॉवर बँक हवी. तिकिटाचा स्क्रीनशॉट चालत नाही. आसन क्रमांक बऱ्याचदा कार्यक्रमाच्या काही दिवस आधीच कळतो.

आत गेल्यावर उजवी-डावीकडच्यांना मान लववून 'योरोशिकु ओनेगाइशिमास', म्हणजे साधारण 'सांभाळून घ्या', असं म्हणा. परदेशातून आलात हे कळलं की लोक आवर्जून मदत करतात, कोणत्या गाण्याला कोणता रंग तेही सांगतात. मध्ये वेशभूषा बदलायला वेळ लागतो तेव्हा पडद्यावर छोटी चित्रफीत लागते. ती मध्यांतर समजून उठू नका. एन्कोरसाठी, म्हणजे शेवटी कलाकारांनी पुन्हा मंचावर यावं म्हणून, पुकारा कसा करायचा तेही गटागणिक ठरलेलं असतं, शेजारी सुरू करतील तसं करा.

संपल्यावर

दिवे लागले तरी लगेच निघायचं नाही. 'किसेइ ताइजो' म्हणजे विभागवार बाहेर सोडण्याची पद्धत असते. आपला विभाग पुकारेपर्यंत बसून राहा, यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. शेवटच्या लोकल मध्यरात्रीच्या सुमारास असतात, पण टोक्योहून ओसाकाची शेवटची शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, साधारण साडेनऊच्या आत सुटते, म्हणून त्याच रात्री दुसऱ्या शहरात परतायचा बेत नको.

भेटवस्तू अनेक गट स्वीकारत नाहीत, पत्र मात्र बहुधा स्वीकारतात. सभागृहात पेटी असेल तर तिच्यात, नाहीतर सेइयूच्या एजन्सीच्या पत्त्यावर. साध्या जपानीत, स्वच्छ अक्षरात, एका पानात लिहा. कोणतं गाणं, त्यातला कोणता क्षण आणि तुम्ही कोणत्या शहरातून ते बघायला आलात, एवढं पुरे. पत्रात खाण्याची वस्तू घालू नका आणि पाकिटावर सेइयूचं पूर्ण नाव लिहून पुढे 'सामा' हा आदरार्थी शब्द लावा.